'हॅम्लेट'मध्ये कोण कशासाठी सूड घेतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नाट्यवाचनाच्या गटात शेक्सपीअरचं 'हॅम्लेट' निघालं की पहिला चहा यायच्या आतच कुणीतरी विचारतं, "अहो, पण हा मारत का नाही त्याला?" मग संध्याकाळभर प्रश्नातून प्रश्न निघत राहतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मला नाटकाच्या संहितेत जशी दिसली तशी दिली आहेत. वाद घालायला भरपूर जागा आहे.

गोष्ट थोडक्यात सांगाल का?

डेन्मार्कचा राजा मरतो. त्याचा भाऊ क्लॉडियस गादीवर बसतो आणि विधवा वहिनीशी, गर्ट्रूडशी, लग्न करतो. राजपुत्र हॅम्लेटला बापाचं भूत भेटतं. ते म्हणतं, "मला साप चावला नाही. बागेत झोपलो असताना माझ्या भावानेच कानात विष ओतलं. सूड घे." पाच अंकांनंतर सूड पुरा होतो खरा, पण तोवर राजाचा सल्लागार पोलोनियस, त्याची मुलगी आणि हॅम्लेटची प्रेयसी ऑफेलिया, हॅम्लेटचे जुने मित्र रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न, गर्ट्रूड, पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस, क्लॉडियस आणि स्वतः हॅम्लेट असे आठ जण गेलेले असतात. भुताने मागितला होता एकच जीव.

'सूडनाटक' म्हणजे काय? ते शेक्सपीअरनेच सुरू केलं का?

नाही. रोमन नाटककार सेनेकाच्या रक्तरंजित शोकांतिका तेव्हाच्या इंग्लंडमधले शिकलेले लोक वाचत होते. टॉमस किडच्या 'द स्पॅनिश ट्रॅजेडी'ने 1580 च्या दशकात लंडनमध्ये या प्रकाराचा साचाच घालून दिला: न्याय मागणारं भूत, शोकाने वेडापिसा झालेला नायक, पुराव्याची वाट पाहणं, नाटकातलं नाटक आणि शेवटी प्रेतांचा खच. हा सगळा माल 'हॅम्लेट'मध्येही आहे. फरक तो वापरण्यात आहे. किडचा नायक नाटकातल्या नाटकाच्या आडून शत्रूंना खरोखर मारतो. हॅम्लेट तेच साधन पुरावा गोळा करायला वापरतो. प्रेक्षक सूड बघायला आलेला, आणि हा त्याला चौकशी दाखवत बसतो.

भूत खरं आहे की हॅम्लेटच्या मनाचा खेळ?

पहिल्या अंकात ते पहारेकऱ्यांना दिसतं. हॅम्लेटचा मित्र होरेशियो यालाही दिसतं, आणि होरेशियो तर आधी या गोष्टीवर विश्वास ठेवायलाच तयार नव्हता. त्यामुळे भूत आहे, यात शंका नाही. शंका आहे ती ते कुणाचं आहे याची. हॅम्लेट शिकला विटेनबर्गला, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरच्या गावात. प्रॉटेस्टंट शिकवणीत मेलेला माणूस स्वर्गात जातो नाहीतर नरकात, मधलं ठिकाण नाही. भूत मात्र सांगतं की आपण पापं जळेपर्यंत आगीत कोंडलेलो आहोत. ही झाली जुनी कॅथलिक कल्पना. मग हा खरोखर बाप, की बापाचं रूप घेऊन आपल्या हातून खून करवून घेणारा सैतान? ही भीती हॅम्लेट दुसऱ्या अंकाच्या शेवटी स्वतःच बोलून दाखवतो. आपल्याकडे इच्छा अपुरी राहिलेला पितर फिरतो म्हटलं की कुणी ओळखपत्र मागत नाही, म्हणून मराठी वाचकाला हे निमित्त शोधणं वाटतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला तसं वाटलं नसणार.

आणि भुताची मागणीही सरळ नाही. खुनाचा बदला घे, पण मन मळू देऊ नकोस, आणि आईला हात लावू नकोस, तिचं काय ते देव बघेल. काकाला मारायचं, मन स्वच्छ ठेवायचं आणि ज्या लग्नाने पोटात आग पेटली आहे त्याबद्दल आईला सोडून द्यायचं. या तिन्ही गोष्टी एका माणसाने एकाच वेळी कशा पाळायच्या, हे भूत सांगत नाही.

हॅम्लेट वेडाचं सोंग घेतो ते कशासाठी? त्याने उलट संशयच वाढतो.

बरोबर पकडलंत. उत्तर मूळ कथेत सापडतं. डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रामाटिकस याने लिहिलेल्या अ‍ॅम्लेथच्या कथेत काकाने केलेला खून उघड असतो. अ‍ॅम्लेथ जगला तर पुढे सूड घेणार हे काकाला ठाऊक असतं, म्हणून पुतण्या जीव वाचवायला खुळ्याचं सोंग घेतो. शेक्सपीअरच्या नाटकात खून गुप्त आहे. हॅम्लेट गप्प बसला असता तर क्लॉडियसने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं. म्हणजे मूळचं कारण गेलं आणि सोंग तेवढं राहिलं.

ही शेक्सपीअरची चूक असं मला वाटत नाही. सोंगामुळे हॅम्लेटला दरबारात कुणालाही काहीही बोलायची मुभा मिळते. आत जे उकळतंय त्याला वाफ जायला भोक सापडतं. मात्र सोंग कुठे संपतं आणि खरं बिघडलेलं मन कुठे सुरू होतं, याची रेघ तिसऱ्या अंकानंतर मला तरी आखता येत नाही.

मग तो मारत का नाही?

हा प्रश्न जर्मन आणि इंग्रज टीकाकारांनी दोनशे वर्षं चघळला आहे. जर्मन कवी ग्योथे म्हणाला, नाजूक फुलदाणीत ओकचं झाड लावलं, मग फुलदाणी फुटणारच. इंग्रज कवी कोलरिजला वाटलं, अतिविचाराने कृती मारली. मनोविश्लेषक फ्रॉइडने बोट दाखवलं आईकडे: काकाने केलं ते मुलाच्याच दडलेल्या इच्छेत होतं, म्हणून हात उचलत नाही. यातली फ्रॉइडची उपपत्ती मला सगळ्यात चटकदार आणि सगळ्यात कमी उपयोगाची वाटते. ती एकदा मान्य केली की नाटकात पुढे वाचायला काही उरतच नाही.

उशीर होतो हे खरं आहे. पहिल्या स्वगतात हॅम्लेट म्हणतो, बाप जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. नाटकातल्या नाटकाच्या वेळी ऑफेलिया म्हणते, दोनदा दोन महिने झाले. म्हणजे भूत भेटल्यानंतर जवळपास दोन महिने त्याने काही केलेलं नाही, आणि त्याबद्दल त्याच्याइतक्या शिव्या त्याला दुसरं कुणी देत नाही. एक नट हेक्युबासाठी, म्हणजे जिच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही अशा कथेतल्या राणीसाठी, खरे अश्रू काढतो, आणि मी? असं म्हणून तो स्वतःला सोलून काढतो.

पण प्रत्येक टप्प्यावर त्याला काय माहीत आहे ते बघा. प्रेक्षकाला क्लॉडियसचा गुन्हा तिसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात कळतो, कारण क्लॉडियस ते स्वतःशी पुटपुटतो. पुढे प्रार्थनेच्या वेळी तो पूर्ण कबुली देतो, पण हॅम्लेट आत येतो ती कबुली संपल्यावर. आपण पुढच्या रांगेत बसून सगळं ऐकलेलं असतं आणि मग त्याला आळशी ठरवतो. त्याच्या हाती खरा कागदी पुरावा लागतो तो थेट जहाजावर, क्लॉडियस त्याला इंग्लंडला धाडतो तेव्हा: इंग्लंडच्या राजाला क्लॉडियसने लिहिलेलं, "याचं डोकं उडवा" असं सांगणारं पत्र.

उंदराचा सापळा कितपत यशस्वी होतो?

अर्धाच. हॅम्लेट फिरत्या नटांकडून 'गोंझागोचा खून' बसवून घेतो, त्यात स्वतःच्या दहा-पंधरा ओळी घालतो आणि नाटकाला 'उंदराचा सापळा' असं नाव देतो. कानात विष ओतण्याचा प्रसंग आल्यावर क्लॉडियस उठून जातो. हॅम्लेट खूश, पुरावा मिळाला!

पण एक ओळ बहुतेक वाचक घाईत ओलांडतात. मंचावरच्या मारेकऱ्याची ओळख करून देताना हॅम्लेट सांगतो की हा राजाचा पुतण्या. भाऊ नाही, पुतण्या! दरबाराने काय पाहिलं? एक पुतण्या राजाला विष घालतोय आणि ते दाखवतोय राजाचा खराखुरा पुतण्या. त्यांच्या लेखी ही भर दरबारातली धमकी झाली. राजा का उठला याचं सरळ कारण त्यांना मिळालं. खुन्याला हॅम्लेटने ओळखलं आणि त्याच क्षणी हॅम्लेटच्या मनात काय आहे ते खुन्यानेही ओळखलं. सापळ्यात उंदीर आला, पण सापळा लावणाऱ्याचं बोटही त्यातच अडकलं.

प्रार्थना करणाऱ्या क्लॉडियसला तो सोडतो. दया येते म्हणून?

दया? छे. प्रार्थनेत मेला तर स्वर्गात जाईल, मग तो सूड कसला, असा हॅम्लेटचा हिशेब आहे. बाप पापांची क्षमा न मागता, अंतिम संस्काराविना मेला. मग यालाही दारू पिताना, जुगार खेळताना किंवा पलंगावर गाठायचा. हे नाटकातलं सगळ्यात थंड स्वगत आहे. काही जुन्या टीकाकारांना ते इतकं झोंबलं की त्यांनी त्याला निमित्तमात्र ठरवून टाकलं.

हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि सांगतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालेलीच नाही. त्या क्षणी तलवार चालवली असती तर हॅम्लेटला हवा तो नरक मिळाला असता, आणि पुढचे सात जीव वाचले असते.

नाटक नेमकं वळतं कुठे?

परीक्षेच्या उत्तरांत बहुधा प्रार्थनेचा प्रवेश लिहितात. मी पुढचा प्रवेश म्हणेन, आईच्या खोलीतला. पडद्यामागे कुणीतरी ओरडतं आणि हॅम्लेट न बघता तलवार खुपसतो. "राजा आहे का?" असं तो खून झाल्यावर विचारतो. बाहेर पडतो तो पोलोनियस, ऑफेलियाचा आणि लेअर्टीसचा बाप.

इथे नाटकाचं तोंडच फिरतं. या क्षणापर्यंत हॅम्लेट हा खून झालेल्या बापाचा मुलगा होता. आता तो दुसऱ्या कुणाच्या बापाचा खुनी आहे. त्याच्यामागेही आता एक मुलगा लागणार, आणि त्या मुलाचा दावा हॅम्लेटच्या दाव्याइतकाच खरा. हॅम्लेटला हे कळतं, पण उशिरा. पाचव्या अंकात तो होरेशियोला सांगतो की माझ्या दुःखाच्या आरशात मला लेअर्टीसचं दुःख दिसतं. 'हा मारत का नाही' असं विचारणाऱ्यांना मी या प्रवेशाकडे बोट दाखवतो. याने विचार न करता एकदाच हात उचलला, आणि मेला भलताच माणूस.

व्यवहारही इथूनच उलटतो. आता क्लॉडियसकडे हॅम्लेटला देशाबाहेर धाडायला रास्त कारण आहे, आणि पुढचे डाव तोच टाकतो.

क्लॉडियस निव्वळ खलनायक आहे का?

नुसता खलनायक असता तर नाटक इतकं अवघड झालं नसतं. राज्यकर्ता म्हणून तो चांगला आहे. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिन्ब्रास चालून येणार अशी बातमी येताच तो दोन वकील पाठवतो आणि रक्त न सांडता युद्ध टाळतो. थोरल्या हॅम्लेटची, म्हणजे मेलेल्या राजाची, ख्याती द्वंद्वयुद्धाची होती. आपण खून कशासाठी केला याची यादी क्लॉडियस स्वतःच देतो: मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी. यातलं काहीच सोडायची तयारी नाही, मग क्षमा मागायची कशी, हेही त्यालाच कळतं. स्वतःशी इतकं खरं बोलणारा खुनी विरळा.

गर्ट्रूडला खुनाची कल्पना होती का?

संहितेच्या ज्या दोन प्रतींवर आजच्या आवृत्त्या उभ्या आहेत, म्हणजे 1604-05 चा दुसरा क्वार्टो (लहान आकाराची छापील प्रत) आणि 1623 चा फोलिओ (मोठ्या आकाराचा नाटकांचा संग्रह), त्यांत याचं थेट उत्तर नाही. 1603 च्या पहिल्या, तुटक क्वार्टोत मात्र ती शपथेवर सांगते की मला काही ठाऊक नव्हतं. मला वाटतं तिला माहीत नव्हतं. हॅम्लेट "राजाचा खून" म्हणतो तेव्हा तिच्या तोंडून तेच शब्द प्रश्न होऊन परत येतात, आणि त्यात आश्चर्य आहे.

हॅम्लेटचा खरा राग लग्नावर आहे. भूत भेटण्याआधीच्या स्वगतात खुनाचा संशयही नाही, आणि तरी त्याला जगणं नकोसं झालंय. दिराशी लग्न तेव्हाच्या इंग्लंडमध्ये चर्चच्या कायद्याने निषिद्ध होतं. आठव्या हेन्रीने याच मुद्द्यावर पहिलं लग्न रद्द ठरवून घेतलं, आणि नाटक लिहिलं गेलं तेव्हा त्याच्या दुसऱ्या लग्नाची मुलगी एलिझाबेथ गादीवर होती. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकासाठी हा केवळ घरगुती नाराजीचा विषय नव्हता.

ऑफेलिया वेडी का होते? प्रेमभंगाने?

एवढंच म्हटलं की तिच्यावर पुन्हा एकदा अन्याय होतो. भाऊ सांगतो, त्याच्यापासून लांब राहा. बाप सांगतो, पत्रं परत कर. मग तोच बाप तिला आमिष म्हणून हॅम्लेटपुढे उभं करतो आणि स्वतः राजाबरोबर लपतो. हॅम्लेट विचारतो, "तुझे वडील कुठे आहेत?" ती म्हणते, "घरी." दुसऱ्याच्या सांगण्यावरून बोललेलं हे खोटं तिला फार महाग पडतं. पुढे तिच्या बापाला तिचाच प्रियकर मारतो, भाऊ फ्रान्समध्ये असतो आणि अंत्यविधी गुपचूप उरकला जातो.

या नाटकात बाप गमावलेली चार मुलं आहेत: हॅम्लेट, लेअर्टीस, फोर्टिन्ब्रास आणि ऑफेलिया. तिघांच्या हातात तलवार आहे. तिच्या हातात फुलं. वेडाच्या भरात ती एकेकाला नेमकं फूल वाटते आणि म्हणते की व्हायलेट देणार होते, पण बाबा गेले तेव्हा ती सगळीच कोमेजली. तिच्या दुःखाला सूडाची वाट कुणी मोकळी ठेवलेलीच नव्हती.

लेअर्टीस हॅम्लेटपेक्षा बरा सूडवीर नाही का?

वेगाने मोजलं तर नक्कीच. बातमी कळताच परत येतो, जमाव घेऊन राजवाड्याचं दार फोडतो. काय करशील असं राजाने विचारल्यावर म्हणतो, चर्चमध्ये हॅम्लेटचा गळा कापीन. हॅम्लेटने प्रार्थनेतल्या माणसाला सोडलं, हा त्याच जागी कापायला तयार. आणि असा माणूस वापरायला किती सोपा! अर्ध्या प्रवेशात क्लॉडियस त्याच्या रागाचं तोंड हॅम्लेटकडे वळवतो. तलवारीला विष लावायची कल्पना तर लेअर्टीसचीच, विषही त्याने आधीच विकत घेऊन ठेवलेलं. हॅम्लेटने पहिल्याच रात्री तलवार उपसली असती तर तो असाच दिसला असता.

रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्नला मारणं योग्य होतं?

हॅम्लेटबरोबर इंग्लंडला नेत असलेल्या पत्रात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, ते नाटक सांगत नाही. हॅम्लेट पत्र बदलतो, बापाच्या मुद्रेने मोहोर करतो आणि दोघे जुने मित्र मरतात. माझ्या मनाला ते लागत नाही, असं तो म्हणतो. माझ्या मनाला लागतं.

'जगावं की मरावं' हे इथलंच ना?

आपल्या कानात बसलेले शब्द 1970 च्या 'नटसम्राट'मधले, शिरवाडकरांचे. बीज मात्र इथलं, तिसऱ्या अंकातल्या स्वगताचं. गंमत अशी की या प्रसिद्ध स्वगतात काका, भूत, सूड यांतलं काहीच नाही, आणि 'मी' असा शब्दही नाही. संतापलेला मुलगा इथे कुणाही माणसासारखा बोलतो.

शेवटी हॅम्लेट कुणासाठी मारतो?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. क्लॉडियसने ठरवलेलं हॅम्लेट आणि लेअर्टीसचं द्वंद्वयुद्ध चालू आहे. गर्ट्रूड हॅम्लेटसाठी ठेवलेला विषाचा पेला उचलते. क्लॉडियस म्हणतो, पिऊ नकोस. ती म्हणते, पिणार. त्यापुढे तो तिला अडवत नाही, कारण अडवलं तर डाव उघडा पडेल. ज्या राणीसाठी खून केला तिला तो डोळ्यांदेखत मरू देतो. लेअर्टीसची विषारी तलवार हॅम्लेटला लागते, झटापटीत तलवारी बदलतात आणि त्याच तलवारीने लेअर्टीसही जखमी होतो. आई मरताना "पेला, पेला" म्हणते, लेअर्टीस सगळं सांगून टाकतो, आणि मग, केवळ मग, हॅम्लेट काकाला भोसकतो आणि उरलेलं विष त्याच्या घशात ओततो.

त्या वेळचे त्याचे शब्द तपासा. आईच्या मागोमाग जा, असं तो म्हणतो. बापाचं नावही निघत नाही. भुताने मागितलेला सूड पुरा होतो, पण भुताची आठवण न काढता, ठरवून न आखता, दुसऱ्याच्या कटाच्या मध्यावर. लेअर्टीस आणि हॅम्लेट मरता मरता एकमेकांना क्षमा करतात. दोन सूडवीरांमध्ये एवढी एकच गोष्ट सरळ घडते.

मराठीत कोणतं वाचावं?

पहिला मान आगरकरांच्या 'विकारविलसित'चा, 1883 चा. कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या 101 दिवसांत त्यांनी या भाषांतरावर काम केलं. शीर्षकात त्यांनी ना राजपुत्र ठेवला ना सूड, ठेवले ते मनाचे विकार. त्यातला हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीतल्या गणपतराव जोशींनी तो चंद्रसेन गाजवला. आज भाषा जड वाटेल, पण मोठ्याने वाचून बघा, ती तोंडात बसते. रंगमंचाच्या जवळचं हवं असेल तर नाना जोगांचं भाषांतर घ्या. 2018 मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी सुमीत राघवनला घेऊन केलेला प्रयोग त्याच भाषांतरावर होता.

मग राज्य कुणाला मिळतं?

फोर्टिन्ब्रासला. त्याच्या बापाला थोरल्या हॅम्लेटने द्वंद्वात मारलं होतं, आणि कबर खणणाऱ्याच्या हिशेबाने तो दिवस हॅम्लेटच्या जन्माचा, तीस वर्षांपूर्वीचा. पोलंडमधल्या कवडीमोल जमिनीसाठी गेलेला हा माणूस परत येताना दरबारात शिरतो आणि न लढता डेन्मार्क त्याच्या हाती पडतं. मरताना हॅम्लेटनेही कौल त्यालाच दिलेला असतो. ज्याला तो ओळखतही नव्हता त्या हॅम्लेटला तो सैनिकाचा मान देतो आणि तोफा डागायला सांगतो. पहिल्या अंकात क्लॉडियसने दारूचा पेला रिकामा केला की डागल्या जायच्या, त्याच या तोफा.